चवदार तळे ते दामोदर खोरे : बाबासाहेबांचा पाण्याचा लढा

बाबासाहेब आणि पाणी म्हटले की आपल्याला महाडचे चवदार तळे आठवते. दरवर्षी २० मार्चला आपण तिथे अभिवादनाला जातो. पण त्याच बाबासाहेबांनी पुढे देशाच्या नद्यांच्या नियोजनाचा पाया घातला, हे आपल्यापैकी किती तरुणांना ठाऊक आहे?

१९०१ साली वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात खजिनदार म्हणून नोकरीला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीम आणि त्याच्यासोबतची मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर त्यांना वाटेत कोणी पाणी दिले नाही. बरोबर जेवण होते, पण पाण्यावाचून ती मुले रात्रभर उपाशी राहिली.

मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला आणि महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात आणायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले आणि प्रकरण कोर्टात नेले. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्यात होते. १९४३ च्या पावसाळ्यात दामोदर नदीला महापूर आला. बांध फुटला, बंगालमधील गावे बुडाली, कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे तुटली. नदी उगम पावते छोटा नागपूरच्या पठारावर, म्हणजे तेव्हाच्या बिहार प्रांतात, आणि पूर येतो बंगालमध्ये. धरण बांधायचे तर जमीन बिहारची जाणार आणि बचाव बंगालचा होणार. १९३५ च्या कायद्याने पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता. प्रत्येक प्रांत आपल्या हद्दीपुरते पाहत होता.

बाबासाहेबांची भूमिका वेगळी होती. नदी प्रांताची हद्द ओळखत नाही, म्हणून नियोजन संपूर्ण खोऱ्याचे व्हावे आणि एकाच योजनेतून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक साधावी. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना त्यांच्यासमोर होता. जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींना एकत्र बसवले. नोव्हेंबरमध्ये कटकला ओरिसातील नद्यांसाठी परिषद घेतली. त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व जलवाहतूक आयोग स्थापन झाला आणि अभियंता अ. ना. खोसला त्याचे अध्यक्ष झाले. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ कायद्याने उभे राहिले आणि महानदीवर हिराकुड धरण झाले.

या धरणांची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. हिराकुडने एक लाखाहून अधिक माणसे उठवली. खोऱ्याचे नियोजन न्याय्य व्हायचे तर ज्याची जमीन बुडते, त्याचा वाटा आधी ठरला पाहिजे.

घटना समितीतही बाबासाहेबांनी हा धागा सोडला नाही. आंतरराज्यीय नद्यांच्या तंट्यांवर संसदेने कायद्याने यंत्रणा उभारावी, ही तरतूद त्यांनीच १९४९ मध्ये मांडली. तीच आजचे कलम २६२. त्यानुसार १९५६ मध्ये आंतरराज्यीय जलविवाद कायदा आला. त्याच वर्षी नदी मंडळ कायदाही झाला, पण त्याखाली एकही मंडळ आजवर उभे राहिले नाही. भांडण झाल्यावर लवाद बसतो. भांडण होऊ नये म्हणून एकत्र बसायचे मात्र राहून गेले.

आयुष्याच्या अखेरीस बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोगी, वृद्ध आणि प्रेत दिसल्याची कथा त्यांनी नाकारली. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेल्या तंट्याचे. शाक्य संघाने युद्धाचा कौल दिला. सिद्धार्थाने सुचवले होते की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमताने ते फेटाळले आणि सिद्धार्थाने परिव्रज्या घेतली. दोन प्रांतांना एका टेबलाशी बसवणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे, हे वाचताना आपण विसरू नये.

आज नाशिक-नगर आणि मराठवाडा जायकवाडीच्या पाण्यावरून समोरासमोर उभे राहतात. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा महाराष्ट्रात २००५ पासून आहे. पण धरणातून सुटलेले पाणी भूमिहीनाच्या वस्तीपर्यंत पोहोचते का, हे विचारणारे बैठकीत कोणी नसते. आपल्या तरुणांनी पाणीवापर संस्था, ग्रामसभा आणि नियामक प्राधिकरणाच्या सुनावण्या आता सोडू नयेत. टँकर कोणत्या वस्तीत आधी येतो आणि कोणत्या वस्तीत शेवटी, याची नोंद ठेवावी आणि ती घेऊन तिथे उभे राहावे. चवदार तळ्याचा हक्कही कागदावर आधी आला होता. तो माणसांनी जाऊन घेतला.

जयभीम! नमो बुद्धाय!