अबोल ज्ञानतपस्वी : विलार्ड गिब्ज

माझे वडील फाउंड्रीत अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम करतात. साच्यातून निघालेला भाग थंड झाला की काम संपले, अशी माझी समजूत होती. परंतु काही भाग पुन्हा तापवतात, पाण्यात बुडवतात आणि मग बेताच्या उष्णतेत काही तास ठेवतात. असे का? वडिलांना कृती ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. ते शोधताना मी, कलाशाखेचा विद्यार्थी, एका अमेरिकन प्राध्यापकाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो.

जोसाया विलार्ड गिब्ज यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी न्यू हेवन या गावी झाला. वडील तेथील येल महाविद्यालयात धर्मवाङ्मयाचे प्राध्यापक होते. गिब्ज यांनी लॅटिन आणि गणित या दोन्ही विषयांत बक्षिसे मिळवली. १८६३ मध्ये दंतचक्रांच्या दात्यांवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. पुढे पॅरिस, बर्लिन व हायडेलबर्ग येथे अध्ययन करून ते गावी परतले आणि १८७१ मध्ये येलमध्येच गणिती भौतिकीचे प्राध्यापक झाले. पण हे पद बिनपगारी होते! नऊ वर्षे त्यांनी वेतनाशिवाय काम केले. वडिलार्जित मिळकत होती, म्हणून हे निभावले. आमच्या घरात नऊ महिनेही निभावले नसते. ज्ञानसाधनेलाही भाकरीचा आधार लागतो, हे थोरांची चरित्रे वाचताना विसरू नये.

याच काळात, १८७६ ते १८७८ मध्ये, त्यांचा सुमारे तीनशे पानांचा प्रबंध कनेक्टिकट अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला. एखादा पदार्थ कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाखाली, कोणत्या रूपात टिकेल, हे ऊर्जेच्या हिशेबाने सांगता येते, असे त्यांनी त्यात सिद्ध केले. तो वाचणारे थोडे आणि समजणारे त्याहून थोडे. मॅक्सवेल यांनी मात्र गिब्ज यांची योग्यता आधीच ओळखली होती. त्यांच्या कल्पनेवरून प्लास्टरची प्रतिकृती घडवून त्यांनी ती गिब्ज यांना पाठवली. १८८० मध्ये दुसऱ्या विद्यापीठाचे बोलावणे आले, तेव्हा कुठे येलने पगार देऊ केला. तो कमी होता, तरी गिब्ज येलमध्येच राहिले. १८९२ मध्ये ओस्टवाल्ड यांनी प्रबंध जर्मनमध्ये नेला. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक मिळाले आणि २८ एप्रिल १९०३ रोजी हा अविवाहित, अबोल माणूस न्यू हेवनमध्येच निवर्तला.

आता वडिलांच्या भट्टीकडे वळू. तांबे मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून एकदम निववले की तांब्याचे अणू आत अडकून पडतात. बेताच्या उष्णतेत ते हळूहळू सूक्ष्म पुंजक्यांत जमू लागतात. हे पुंजके म्हणजे अंतिम, स्थिर रूप नव्हे, तर वाटेतला मुक्काम होय. नवे रूप जन्माला येताना त्याच्या पृष्ठभागासाठी ऊर्जा खर्ची पडते, म्हणून पदार्थ थेट शेवटच्या रूपाला जात नाही. हा विचार गिब्ज यांचाच. नवल असे की धातूला बळकटी येते ती या मधल्या मुक्कामात. फार वेळ तापवल्यास स्थिर रूप येते आणि धातू पुन्हा मऊ पडतो. आज असे मुक्काम संगणकावर आधी मोजून पाहतात. त्या गणितातील मुख्य राशीला गिब्ज मुक्त ऊर्जा असेच नाव आहे.

हे मी वडिलांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी गिब्ज यांचे नाव पुन्हा विचारून घेतले.