हार्ड डिस्कवर चूक झाली हे कॉम्प्युटरला कळतं कसं? रिचर्ड हॅमिंग यांची गोष्ट



काम चालू असताना अचानक निळी स्क्रीन येते आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. एखादी फाइल उघडायला गेलं की गोल चक्र फिरतच राहतं. कधी तर विंडोज सुरूच होत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर नातेवाईकांचे असे लॅपटॉप हमखास माझ्याकडे येतात, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोष हार्ड डिस्कचा निघतो.

अशा वेळी काय करायचं ते आज बघूच. पण त्याआधी एक प्रश्न. हार्ड डिस्कवर सगळं ० आणि १ मध्ये लिहिलेलं असतं. त्यातला एखादा ० चुकून १ म्हणून वाचला गेला, तर मशीनला ते कळतं कसं? आणि कळल्यावर ते दुरुस्त कोण करतं? याचं उत्तर शोधणाऱ्या माणसांमध्ये पहिलं नाव रिचर्ड हॅमिंग यांचं आहे. इंजिनिअरिंगला हॅमिंग कोड सगळेच शिकतात, पण त्यामागचा माणूस फार कमी जणांना माहीत असतो.

इंजिनिअर व्हायचं होतं, झाले गणिती

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी अमेरिकेत शिकागोला झाला. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. पण तो मंदीचा काळ होता आणि स्कॉलरशिप मिळाली ती शिकागो विद्यापीठाची. तिथे इंजिनिअरिंग नव्हतंच, म्हणून त्यांनी गणित घेतलं. १९३७ मध्ये पदवी, १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून एमए आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी. त्याच वर्षी वँडा यांच्याशी लग्न झालं.

१९४५ मध्ये ते लॉस अलामोसला गेले. अणुबॉम्बचं काम तिथे चालू होतं. शास्त्रज्ञ समीकरणं द्यायचे आणि ती आयबीएमच्या हिशोबाच्या मशीनवर चालवायचं काम हॅमिंग यांच्याकडे होतं. वँडाही तिथे आकडेमोडीचं काम करत होत्या.

तिथला एक प्रसंग हॅमिंग यांनी पुढे लिहून ठेवलाय. चाचणीच्या थोडं आधी एकाने त्यांना काही आकडेमोड तपासायला दिली. हे कशासाठी, असं विचारल्यावर कळलं की बॉम्बमुळे सगळं वातावरणच पेटेल का, याचा तो हिशोब होता! हॅमिंग यांनी आकडेमोड तपासली, ती बरोबर होती. पण हिशोबात घातलेली मूळ माहिती बरोबर आहे की नाही, याची खात्री ते देऊ शकत नव्हते. बेरीज बरोबर असणं आणि माहिती बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्प्युटरलाही हा नियम लागू होतो. प्रोसेसर कितीही भारी असू द्या, डिस्कवरून चुकीचा बिट आला तर पुढचं सगळं चुकणार.

शनिवार-रविवारचं वाया गेलेलं काम

१९४६ मध्ये हॅमिंग न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये रुजू झाले. इन्फर्मेशन थिअरीचे जनक क्लॉड शॅनन यांच्याबरोबर काही काळ त्यांची एकच खोली होती.

तेव्हा बेल लॅब्सकडे मॉडेल फाइव्ह नावाचा कॉम्प्युटर होता. आत ट्रान्झिस्टर वगैरे काही नाही, हजारो रिले होते. रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारा स्विच. एखादा रिले अडकला की आकडा चुकायचा. पण आकडे लिहायची पद्धतच अशी होती की चूक झाली तर मशीनच्या लक्षात यायचं. आठवड्यात ऑपरेटर हजर असायचे. मशीन थांबलं की ते बिघाड शोधून काम पुढे चालू करायचे.

हॅमिंग यांना मात्र मशीन मिळायचं शनिवार-रविवारी, तेव्हा कोणी नसायचं. चूक सापडली की मशीन ते काम अर्धवट सोडून सरळ पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी येऊन बघावं तर हाती काहीच नाही. लागोपाठ दोन आठवडे असं झालं आणि हॅमिंग वैतागले. मशीनला चूक झालीये हे कळतंय, तर ती नेमकी कुठे झालीये हे शोधून त्याने स्वतःच दुरुस्त का करू नये?

आपल्याला आज हा प्रश्न साधा वाटतो. पण तोपर्यंत मशीनचं काम चूक दिसली की थांबणं एवढंच होतं.

चूक कुठे आहे हे कसं कळतं?

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या मैदानावर ४० मुलं उभी आहेत. मोजली तर ३९ भरली. कोणीतरी गायब आहे एवढं कळलं, पण कोण ते नाही. आता तीच मुलं ८ रांगा आणि ५ स्तंभांत उभी करा. तिसऱ्या रांगेत एक कमी आणि चौथ्या स्तंभात एक कमी, म्हणजे गायब मुलगा नेमका कोणता ते लगेच सापडतं. हॅमिंग यांनी सुरुवात अशाच आडव्या-उभ्या तपासणीपासून केली. मग कमीत कमी जादा बिट वापरून हेच कसं करता येईल, याच्या मागे ते लागले.

शेवटी जे सापडलं ते फार सुंदर आहे. माहितीचे ४ बिट घ्या आणि त्यात तपासणीचे ३ बिट मिसळा, एकूण ७. प्रत्येक तपासणी बिट ठरावीक जागांवर लक्ष ठेवतो. पहिला १, ३, ५, ७ या जागांवर, दुसरा २, ३, ६, ७ वर आणि तिसरा ४, ५, ६, ७ वर. प्रत्येक गटात १ ची संख्या सम असायला हवी. वाचताना पहिली आणि तिसरी तपासणी चुकली, दुसरी बरोबर आली असं समजा. पहिल्या तपासणीचा आकडा १, तिसरीचा ४. बेरीज ५. म्हणजे पाचव्या जागेवरचा बिट चुकलाय! बिट एकतर ० असतो नाहीतर १, त्यामुळे जागा कळली की तो उलटा करायचा, दुरुस्ती झाली.

शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध पेपरमध्ये हे उदाहरण हॅमिंग यांच्या नावाने दिलं. पेटंटमुळे हॅमिंग यांचा स्वतःचा पेपर मात्र एप्रिल १९५० पर्यंत थांबला.

या कोडला मर्यादाही आहे. सात बिटांत एकच चूक असेल तर ती दुरुस्त होते. दोन झाल्या तर कोड फसतो आणि भलताच बिट उलटा करतो. म्हणून सर्व्हरच्या रॅममध्ये तपासणीचा आणखी एक बिट वापरतात. एक चूक दुरुस्त करायची आणि दोन चुका असतील तर निदान तसं सांगायचं. हार्ड डिस्कमध्ये याच कल्पनेचे जास्त ताकदवान भाऊबंद असतात. १९६० मध्ये आलेला रीड-सोलोमन कोड त्यातलाच एक. दुकानातला थोडा फाटलेला, डाग पडलेला क्यूआर कोडही तुमचा फोन वाचतो ना, तो याच रीड-सोलोमनमुळे.

मग कॉम्प्युटर बंद का पडतो?

डिस्क नवीन असतानाही छोट्या चुका होतच असतात, पण त्या आतल्या आत दुरुस्त होतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. डिस्क थकली की चुका वाढतात. एक दिवस एखाद्या सेक्टरमध्ये इतक्या चुका होतात की कोडच्या आवाक्याबाहेर जातं. डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तेव्हा कॉम्प्युटर अडकतो. तरी जमलं नाही आणि नेमका तो भाग विंडोजला हवा असेल, तर निळी स्क्रीन. म्हणजे तुम्हाला दिसणारा क्रॅश हा बऱ्याचदा बिघाडाचा शेवटचा टप्पा असतो.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा:

१. सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. दुरुस्तीचे प्रयोग नंतर. चेकडिस्क आधीच चालवलं तर थकलेल्या डिस्कवर ताण येतो आणि फाइलींची रचनाही बदलू शकते.

२. डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती दिसते. त्यात रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर हे तीन आकडे बघा. ते वाढत असतील तर डिस्क बदला. आकडे ठीक दिसले म्हणून डिस्क नक्की चांगलीच आहे, असं मात्र समजू नका.

३. सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्कऐवजी केबल किंवा कनेक्शनचा संशय घ्या. डेस्कटॉपमध्ये केबल बदलून बघा.

४. डिस्क ठीक वाटत असेल आणि बॅकअप झाला असेल, तर आता चेकडिस्क चालवा. विंडोजच्या मेमरी डायग्नोस्टिकने रॅमही तपासा, कारण रॅमच्या बिघाडानेही अशाच निळ्या स्क्रीन येतात.

५. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. डेटा मौल्यवान असेल तर डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच द्या.

नीट बघितलं तर हा क्रम म्हणजे हॅमिंग यांचाच प्रश्न आहे. चूक आहे हे कळलंय, आता ती डिस्कमध्ये, केबलमध्ये, फाइल सिस्टिममध्ये की रॅममध्ये? जागा कळल्याशिवाय फॉरमॅट मारण्यात अर्थ नाही.

पुढचं आयुष्य

हॅमिंग यांना १९६८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटर क्षेत्रात याला नोबेलचा मान आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्स सोडून ते कॅलिफोर्नियात माँटेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवायला गेले. आपल्या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता आणि तुम्ही त्यावर काम का करत नाही, असं ते सहकाऱ्यांना जेवणाच्या टेबलावर थेट विचारायचे. काही जण त्यामुळे त्यांच्यापासून लांब बसायचे म्हणे! १९९७ पर्यंत ते शिकवत होते. ७ जानेवारी १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मागे राहिलेली कल्पना आज हार्ड डिस्क, रॅम आणि तुमच्या फोनचं स्टोरेज अशी सगळीकडे काम करते. पण कितीही चांगला कोड असला तरी त्याची एक हद्द असते, आणि त्या हद्दीपलीकडे फोटो आणि फाइली वाचवतो तो फक्त बॅकअप. तुमचा शेवटचा बॅकअप कधी घेतला होता ते एकदा बघा. आठवत नसेल, तर आजच घ्या.