Explained: ॲक्युपंक्चरशी डॉ. कोटणीसांचं नाव कसं जोडलं गेलं? सोलापूरच्या डॉक्टरची खरी गोष्ट

मान, पाठ आणि गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपीसोबत ॲक्युपंक्चर घेणारे रुग्ण आता लहान शहरांतही दिसतात. या उपचाराचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं नाव हमखास येतं. धाराशिवच्या शेजारच्या सोलापूरचे हे डॉक्टर. ही विद्या त्यांनीच भारतात आणली, असाही अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात काय घडलं होतं?

कोण होते डॉ. कोटणीस?

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं आणि चीनने भारताकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केल्यावर निधी जमला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक निघालं. त्यात अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू व मुखर्जी आणि सगळ्यांत तरुणांपैकी एक असलेले कोटणीस होते.

चीनमध्ये त्यांनी काय केलं?

१९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोहोचलं. कोटणीस शल्यचिकित्सक होते. औषधं अपुरी, साधनं तुटपुंजी आणि जखमींची रांग न संपणारी. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथे ते विद्यार्थ्यांनाही शिकवत. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणत.

त्याच वर्षी त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. पण मूल काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा मृत्यू झाला. वय अवघं ३२. पथकातले इतर चौघे मायदेशी परतले, कोटणीस परतले नाहीत. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

मग ॲक्युपंक्चर कुठून आलं?

कोटणीस परतलेच नाहीत, त्यामुळे ही विद्या त्यांनी भारतात आणली असं म्हणता येत नाही. ते काम त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांचं. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास कोलकात्यात उपचार सुरू केले. पुढे कोटणीसांच्या स्मृतीत उभ्या राहिलेल्या संस्थांनी ही पद्धत पसरवली. लुधियानात तर त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालयच आहे. मित्राच्या कामाला मित्राचं नाव चिकटलं, ते असं.

आजच्या रुग्णाने काय लक्षात ठेवावं?

- जुनाट कंबरदुखी, मानदुखीत काहींना आराम मिळतो. मात्र अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि फायदा बहुधा मर्यादित असतो.
- व्यायाम हाच फिजिओथेरपीचा कणा आहे. सुई जोडीला असते, व्यायामाची जागा घेत नाही.
- फिजिओथेरपिस्ट करतात ते ड्राय नीडलिंग वेगळं. त्यात स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत सुई टोचतात.
- राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा.
- सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची हवी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी सांगा.
- पायात बधिरपणा, ताप, लघवीवरचा ताबा सुटणं अशी लक्षणं असतील तर सुईच्या आधी डॉक्टर गाठा.

सोलापुरातलं कोटणीसांचं घर आज स्मारक आहे. तुळजापूरहून ते तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे भेटतो तो परक्या देशातल्या जखमींसाठी राबलेला एक शल्यचिकित्सक.