गॉल्जीसाहेबांचं स्वयंपाकघर

आपल्या मेसच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांच्या वरच्या कप्प्यात एक निळा डबा असतो. हात लावू नये असं त्यावर मार्करने लिहिलंय. त्यात घरून आलेली मिठाई आहे असा बऱ्याच जणांचा समज आहे (एकाने उघडून पाहिला आणि बिचारा हिरमुसला). डबा माझा आहे आणि त्यात इन्सुलिन आहे.

बारावीच्या सुट्टीत मला टाइप १ डायबेटिस निघाला. डॉक्टरांनी सी-पेप्टाइड नावाची एक टेस्ट करायला सांगितली. आकडा इतका कमी आला की घरी सगळ्यांनी एकमताने ठरवलं, लॅबचंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिथेही तेच! पुढे मी इन्स्ट्रुमेंटेशनला आलो आणि समोर दिसणारं रीडिंग खरं की यंत्राची करामत, हा प्रश्न काही माझा पिच्छा सोडेना. त्या नादात लायब्ररीत एक माणूस भेटला. तुम्हीही त्याला ओळखता, बायोलॉजीच्या पेपरात तो दोन मार्कांना यायचा. गॉल्जी बॉडीवाले कामिल्लो गॉल्जी. मला तर बारावीपर्यंत गॉल्जी हा कुठलातरी ग्रीक शब्द वाटायचा. तो माणूस आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

गॉल्जींचा जन्म ७ जुलै १८४३ चा, उत्तर इटलीतल्या डोंगराळ भागातल्या कोर्तेनो या खेड्यातला. वडील डॉक्टर. मुलगाही पाविया विद्यापीठातून १८६५ साली डॉक्टर झाला. तिथे जूलिओ बिझोझेरो नावाच्या संशोधकाने त्यांना मायक्रोस्कोपचं वेड लावलं. गंमत म्हणजे हा गुरू शिष्यापेक्षा वयाने लहान होता! पण वेडाने पोट भरत नाही. १८७२ साली गॉल्जींनी अबियातेग्रासो गावातल्या, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या इस्पितळात मुख्य डॉक्टरची नोकरी धरली. करिअर संपलं असंच कुणालाही वाटलं असतं. लॅब नाही, ग्रँट नाही, सहकारी नाहीत. गॉल्जींनी काय करावं? इस्पितळाच्या एका स्वयंपाकघरातच मायक्रोस्कोप मांडला.

त्या काळची अडचण समजून घ्या. मेंदूच्या पेशी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की सगळ्यांना रंग दिला तर नुसता काळा गोळा दिसतो आणि नाही दिला तर काहीच दिसत नाही. गॉल्जींनी मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवला आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकला. पेशींच्या आत सिल्व्हर क्रोमेटचा साका बसला. पण कसा? शंभरातल्या जेमतेम दोन-चार पेशींत! मात्र ज्या पेशी रंगल्या त्या शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्याकुट्ट, पिवळ्या पार्श्वभूमीवर शाईने काढलेल्या झाडासारख्या. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये अठ्ठ्याण्णव टक्के फेल्युअर आलं तर सर जर्नल फेकून देतील. इथे ते फेल्युअरच कामाला आलं. १८७३ साली त्यांनी ही काळी प्रक्रिया प्रसिद्ध केली आणि यथावकाश पावियाला प्रोफेसर म्हणून परतले.

मधल्या काळात त्यांनी मलेरियावरही मोठं काम केलं. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून परजीवी एकदम बाहेर पडतात त्याच वेळी रुग्णाला हुडहुडी भरते, हे त्यांनी दाखवून दिलं. एक दिवसाआड आणि दोन दिवसांआड येणाऱ्या तापांचे परजीवी वेगवेगळे असतात हेही. एवढ्यावरसुद्धा एखाद्याचं नाव राहिलं असतं.

आता खरी गोष्ट. आपल्याच स्लाइड पाहून गॉल्जींनी ठरवलं की मेंदूतल्या पेशींचे तंतू एकमेकांत जोडले जाऊन एकच अखंड जाळं बनतं. स्पेनमधल्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जींचीच पद्धत उचलली, सुधारली, आणि १८८८ पासून अगदी उलटं मांडलं, की प्रत्येक पेशी सुटी आहे, तंतू जवळ येतात पण जुळत नाहीत. स्टेन तोच, निष्कर्ष दोन. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. स्टॉकहोममध्ये गॉल्जींनी आपल्या भाषणात काहालच्या सिद्धान्तावरच तोफ डागली आणि दुसऱ्या दिवशी काहालनी त्याच सिद्धान्ताची बाजू मांडली. एकाच बक्षिसाचे दोन मानकरी, आणि असे! मला इथे गॉल्जींचा रागच येतो. तेहतीस वर्षं उलटली होती, पुरावा ढिगाने जमला होता, तरी हा माणूस हटेना.

पण थांबा. त्याच्या आठ वर्षं आधी, १८९८ साली, गॉल्जींनी घुबडाच्या लहान मेंदूतल्या मोठ्या पेशींवर आपला चांदीचा स्टेन थोडा बदलून वापरला होता. तेव्हा पेशीच्या पोटात, केंद्रकाभोवती, एक नाजूक जाळी दिसली. त्यांनी तिला पेशीच्या आतलं जालिका-यंत्र असं नाव दिलं. तीच आपली गॉल्जी बॉडी. आणि इथे पारडं फिरलं, कारण आता लोक त्यांच्यावर विश्वास ठेवीनात. जिवंत पेशीत ही जाळी दिसत नाही, चांदी किंवा ऑस्मियम घातलं तरच दिसते आणि स्टेन बदलला की आकारही बदलतो. मग ती खरी कशावरून? तुमच्या केमिकलनेच ती तयार केली असेल! आक्षेप अगदी रास्त होता. १९४९ साली अल्बर्ट क्लॉड आणि जॉर्ज पॅलाडी यांच्यासारख्या दिग्गजांनीही हा सारा रसायनांचा खेळ आहे असंच लिहिलं.

ही जाळी करते तरी काय? माझ्याच कामाचं उदाहरण घेतो. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत इन्सुलिन तयार होतं ते आधी प्रोइन्सुलिन म्हणून, ८६ अमिनो आम्लांची एक लांब साखळी. ती रायबोसोमवर विणली जाऊन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये घडी होते. मग पातळ पडद्याच्या फुग्यात बसून गॉल्जीच्या एका बाजूला पोचते, एकावर एक रचलेल्या थाळ्यांसारख्या कप्प्यांतून पुढे सरकते आणि दुसऱ्या बाजूने नव्या फुग्यात भरून बाहेर पडते. कुठला माल पेशीबाहेर, कुठला लायसोसोमकडे, कुठला पेशीच्या पडद्यात, ही वाटणीही इथेच होते. त्या फुग्यात साखळी कापली जाते आणि ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन आणि ३१ चं सी-पेप्टाइड सुटं होतं. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की पेशीत कॅल्शियम शिरतं, फुग्याचा पडदा पेशीच्या पडद्याशी एकरूप होतो आणि माल रक्तात ओतला जातो. जितकं इन्सुलिन तितकंच सी-पेप्टाइड. पेनमधल्या इन्सुलिनबरोबर मात्र ते येत नाही. म्हणूनच शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते त्या टेस्टमध्ये कळतं. माझ्या बीटा पेशी माझ्याच रोगप्रतिकारक पेशींनी संपवल्या. कापायला साखळीच नाही, तर आकडा येणार कुठून? लॅब बरोबर होती. दोन्ही लॅब.

गॉल्जी २१ जानेवारी १९२६ रोजी पावियात वारले. सेनेटर झाले, रेक्टर झाले (विद्यापीठाचे, हॉस्टेलचे नव्हेत!), पहिल्या महायुद्धात उतारवयात त्यांनी लष्करी इस्पितळही सांभाळलं. पण दोन्ही भांडणांचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही. साध्या मायक्रोस्कोपला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दाखवता येत नाही आणि दोन मज्जापेशींमधली फट असते सुमारे २० नॅनोमीटरची. गॉल्जी आणि काहाल, दोघांनाही ती दिसणं शक्यच नव्हतं. १९५४ च्या सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने ती फट दाखवली आणि काहाल जिंकले. त्याच सुमारास, त्याच जातीच्या यंत्राखाली डाल्टन आणि फेलिक्स यांना चपट्या कप्प्यांची ती चवड स्वच्छ दिसली, आणि गॉल्जी जिंकले. पुढे पॅलाडींनीच गिनीपिगच्या स्वादुपिंडात किरणोत्सारी अमिनो आम्लं सोडून प्रथिनांचा गॉल्जीतून होणारा प्रवास मिनिटामिनिटाने मोजला. १९७४ च्या नोबेलचे एक मानकरी तेच, आणि दुसरे क्लॉड!

१९५६ मध्ये त्या डोंगरातल्या खेड्याचं नाव बदलून कोर्तेनो गॉल्जी करण्यात आलं.

आणि हो, निळ्या डब्यात खरंच मिठाई नाही. मागच्या आठवड्यात कुणीतरी तो फ्रीझरमध्ये सरकवला होता. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, नवं पेन आणावं लागतं. तेवढं सांभाळा.