बीअरवाल्यांच्या घरातला ‘ज्यूल’, आणि माझी वितळलेली केबल

‘ज्यूल’ हे एकक आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण त्या नावाचा माणूस बीअर बनवणाऱ्या घरातला होता, हे मला कळलं ते एका जळक्या वासामुळे.

मी मँचेस्टरला राहतो. इथे स्वतःपुरती बीअर घरी बनवायला परवाना लागत नाही. (महाराष्ट्रात विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडे प्रयोग नको!) मागच्या हिवाळ्यात मी ३० लिटरचा, ३ किलोवॅटचा इलेक्ट्रिक बॉयलर घेतला. गॅरेजमध्ये सॉकेट नव्हता, म्हणून केबलची रील अर्धी गुंडाळलेलीच जोडली. अर्ध्या तासात प्लॅस्टिक वितळल्याचा वास! मेन स्विच बंद केला म्हणून वाचलो. असं का झालं ते शोधायला बसलो आणि जेम्स प्रेस्कॉट ज्यूल भेटला.

कोण होता हा माणूस?

जन्म २४ डिसेंबर १८१८, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये. वडिलांचा बीअरचा कारखाना. अणुसिद्धांतवाले जॉन डाल्टन त्याला शिकवायचे. विद्यापीठात तो कधी गेलाच नाही. दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात प्रयोग.

कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून विजेची मोटर लावता येईल का, हा त्याचा पहिला प्रश्न. म्हणजे खर्चाचाच हिशोब! उत्तर आलं, नाही. बॅटरीत खर्च होणारं जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडत होतं. पण हे मोजता मोजता १८४० च्या सुमारास त्याला एक नियम सापडला: करंट दुप्पट केला की तारेतली उष्णता चौपट होते.

इथेच माझी केबल जळली. टीव्ही साधारण अर्धा अँपिअर घेतो, माझा बॉयलर १३. करंट २६ पट, म्हणजे त्याच केबलमध्ये उष्णता ६७६ पट. त्यात रील गुंडाळलेली, उष्णता जाणार कुठे?

कोणी ऐकेना

पुढे ज्यूलने दाखवलं की उष्णता हा वेगळा पदार्थ नाही, ती ऊर्जाच आहे. वजन खाली सोडायचं, त्याने पाण्यातली पाती फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. फरक अंशाच्या छोट्याशा भागाइतका. १८४३ मध्ये कॉर्कच्या सभेत त्याने आपलं काम मांडलं, फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८४७ ला ऑक्सफर्डमध्ये तर थोडक्यात आटपायला सांगितलं. पण तिथे विल्यम थॉमसन नावाचा तरुण प्राध्यापक बसला होता, पुढचा लॉर्ड केल्विन. त्याने प्रश्न विचारले आणि चित्र पालटलं. १८५० मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

घरी मात्र दुःख होतं. पत्नी अमेलिया १८५४ मध्ये गेली. कारखानाही त्याच सुमारास विकला गेला. मोजणं त्याने सोडलं नाही.

त्याच्या हिशोबाने बॉयलर निवडा

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. २५ लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला साधारण ८४ लाख ज्यूल. ३ किलोवॅटला सुमारे ४७ मिनिटं, २ किलोवॅटला ७०. प्रत्यक्षात थोडा जास्तच वेळ, कारण भांड्यातून उष्णता निसटते.

• ३० लिटरच्या भांड्यात २५ लिटरच भरा. माल्टचं पाणी पहिल्या उकळीला दुधासारखं उतू येतं.
• एलिमेंट तळाखाली झाकलेलं असलं तर घासायला सोपं. उघड्या कॉइलवर साखर करपून चिकटते.
• भांडं रिकामं असताना बटण चालू करू नका.
• प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. आपल्याकडे गीझरला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट असतो, तो याचसाठी.

आणि तुमचा फोन? ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण ६९,००० ज्यूल असतात. ती सगळी ऊर्जा वापरली तर जेमतेम एक ग्लास पाणी उकळेल!

शेवट

११ ऑक्टोबर १८८९ ला ज्यूल सेल इथे वारला. त्याच वर्षी ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव मिळालं. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलाय. १ पौंड पाणी १ अंश फॅरनहाइटने तापवायला १ पौंड वजन इतके फूट खाली यावं लागतं, असं त्याने १८७८ मध्ये मोजलं होतं.

परवा तिथे जाऊन आलो. घरी येऊन पहिलं काम केलं ते गॅरेजमध्ये स्वतंत्र सॉकेट बसवून घेण्याचं. तुमच्या घरी हीटर किंवा गीझर एक्स्टेंशन बोर्डवर चालत असेल, तर आजच काढा.