विनोबा भावे यांची पदभ्रमंती

विनायक नरहर भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५, गागोदे, रायगड जिल्हा – १५ नोव्हेंबर १९८२, पवनार, वर्धा जिल्हा) हे भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. पायी चालणे हा त्यांचा बालपणापासूनचा छंद होता आणि पुढे तोच त्यांच्या सार्वजनिक कार्याची पद्धती ठरला. वय व आजारपण यांमुळे चालण्यावर मर्यादा येत गेल्या, तसतसे त्यांनी या छंदाचे स्वरूप बदलत नेले.

पूर्वायुष्य

वडिलांच्या नोकरीमुळे विनोबांचे शिक्षण बडोद्यात झाले. वर्गापेक्षा त्यांचे मन वाचनात आणि गावाबाहेरच्या लांबलचक भटकंतीत अधिक रमे. १९१६ साली ते महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी रजा घेतली आणि वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शास्त्राध्ययन केले. खालावलेली प्रकृती सावरण्यासाठी त्यांनी आधी रोज दहा-बारा मैल चालण्याचा, मग धान्य दळण्याचा आणि त्यानंतर ३०० सूर्यनमस्कारांचा क्रम ठेवला. याच काळात सुमारे ४०० मैलांची पायपीट करून त्यांनी रायगड, सिंहगड, तोरणा हे किल्ले पाहिले.

पवनार

१९३८ पर्यंत त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले होते. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला गांधीजींनी दिला. विनोबांनी त्याऐवजी वर्ध्याजवळचे, धाम नदीकाठचे पवनार निवडले. तेथे जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहून त्यांनी कुदळ हाती घेतली. खोदकाम पहिल्या दिवशी मोजकी मिनिटेच चाले, मग रोज थोडी वाढ होई. वर्ष सरण्याआधीच वजन सुमारे ४० पौंडांनी वाढले. या खोदकामात भरतभेटीचे एक प्राचीन शिल्पही सापडले. शक्तीच्या मापाने श्रम बेतण्याची ही सवय त्यांना उतारवयात उपयोगी पडली.

भूदानयात्रा

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदानाला प्रारंभ झाला. विनोबांचे वय तेव्हा ५५ होते. त्यानंतर तेरा वर्षे पहाटे निघून पुढच्या मुक्कामी पोहोचणे हा त्यांचा दिनक्रम राहिला. पोटातील व्रण जुनाच होता. १९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडिल येथे मलेरियाने त्यांना गंभीर आजारी केले. तरीही १९५९ मध्ये त्यांनी पीर पंजाल पायी ओलांडला आणि १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून चालत गेले.

वाहनाचा स्वीकार

१९६४ साली चक्कर येण्याचा त्रास वाढला आणि ते पवनारला परतले. पुढच्या वर्षी बिहारमध्ये ‘तुफान’ यात्रा सुरू झाली, ती मात्र मोटारीने. वेग वाढला, ग्रामदानाच्या घोषणांची संख्याही झपाट्याने वाढली. पण त्यांतील अनेक दाने कागदावरच राहिली. पायी जाताना गावागावांत होणारा सहवास मोटारीत मिळत नव्हता, हे त्यामागील एक कारण मानता येईल. ७ जून १९६६ रोजी, गांधीभेटीला ५० वर्षे झाली त्या दिवशी, विनोबांनी स्थूल कार्यातून निवृत्त होऊन सूक्ष्म कर्मयोगात प्रवेश करीत असल्याचे जाहीर केले.

क्षेत्रसंन्यास

७ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांनी पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिराबाहेर न जाण्याचा संकल्प केला. देशभर फिरलेल्या माणसाची भ्रमंती आता एका आवारापुरती उरली. मात्र ती थांबली नाही. ते अंगणात हळूहळू फिरत आणि पडलेली पाने, काड्या, कचरा वेचीत. आवार स्वच्छ व्हावे एवढाच हेतू त्यामागे नव्हता; प्रत्येक काडी हा त्यांच्या दृष्टीने जपमाळेतील मणी होता. जोडीला विष्णुसहस्रनामाचे पठण आणि चिंतन चाले. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौन पाळले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले. १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथेच त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.