मेलेल्या उंदरांचा इशारा ओळखणारे डॉ. व्हिएगस

१८९६ चा सप्टेंबर महिना. मुंबईच्या मांडवी भागातील धान्याच्या गोदामांत उंदीर पडू लागले होते आणि आसपासच्या वस्तीत माणसे तापाने दगावत होती. तीव्र ताप, काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हा साधा ताप नसून प्लेग आहे, हे तिथे रुग्ण तपासणाऱ्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ओळखले.

व्हिएगस यांचा जन्म १८५६ मध्ये गोव्यातील हडफडे येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्यांनी याच शहरात व्यवसाय सुरू केला. ते महापालिकेचे सदस्यही होते. म्हणून त्यांचे निदान दवाखान्यापुरते राहिले नाही. २३ सप्टेंबरला त्यांनी ते स्थायी समितीसमोर मांडले. बंदरावर पोट असलेल्या शहरात प्लेगचे नाव घेणे म्हणजे व्यापारावर गदा. अनेकांनी शंका घेतली, पण इतर तज्ज्ञांच्या तपासणीत निदान खरे ठरले.

तेव्हा प्रतिजैविके नव्हती. व्हिएगस यांनी दाट वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नायनाट यांसाठी आग्रह धरला. १८९७ मध्ये हाफकिन यांची लस आल्यावर लसीकरणातही भाग घेतला.

उंदीर आधी का मरत? याचे उत्तर १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत शोधले. प्लेगचे जंतू उंदराच्या अंगावरील पिसवा पसरवतात. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात.

१९०६ मध्ये व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

आज वेळेवर प्रतिजैविके सुरू केल्यास प्लेग बरा होतो. उंदरांमुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस मात्र आपल्याकडे दर पावसाळ्यात दिसतो. म्हणून:

- मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करू नका. परिसरात अनेक उंदीर एकाएकी मेले, तर महापालिकेला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.
- साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा.

घराभोवती काय घडते आहे, ही माहितीसुद्धा निदानाचा भाग असते.